कुंडीतलं पोतं

सासूबाई देऊळघाटच्या घरी एकट्या असताना न्हाणीत पडल्या. शेजारणीने आवाज ऐकला म्हणून बरं. मनगटावरच निभावलं. प्लॅस्टर निघाल्यावर दसऱ्याच्या सुमारास आम्ही त्यांना बुलढाण्याला घेऊन आलो. त्यांनी आता इथेच राहावं अशी माझी इच्छा होती. त्यात माया किती आणि फोन वाजला की वाटणारी धास्ती किती, याचा हिशेब मी केला नाही. त्या स्वतः मात्र पाहुण्यासारख्या वागत होत्या. पलंगाच्या कडेवर बसायच्या.

येताना त्यांनी अंगणातल्या गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं, एक पिल्लू मुळासकट काढून आणलं होतं. आमच्या गॅलरीत दुपारचं ऊन थेट येतं. सिमेंटच्या कुंडीला हात लावून पाहिला तर चटका बसतो. आतून गोणपाटाचं अस्तर दिलं तर मुळं भाजणार नाहीत, असं मी सुचवलं आणि सोयाबीनचं जुनं पोतं कापायला घेतलं.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. "तुले दाभण धरता येते काय?"

"येत नाही, आई."

"मंग सरक."

मनगट दुखत असणार, पण तळाचे कोपरे आत घेऊन त्यांनी सुतळीने घट्ट टाके घातले. अस्तर कुंडीत बसवलं आणि वरची कड चांगली वीतभर बाहेर दुमडली, उशीच्या अभ्र्यासारखी. दिसायला छान दिसत होतं. मग उत्साहाने आणखी तीन कुंड्यांना तसंच केलं.

गोडलिंब आठवडाभर टवटवीत राहिला. नंतर पानं पिवळी पडायला लागली.

"पाणी काऊन नाही टाकत?"

"रोज टाकते."

"मंग माती अशी काऊन तडकून राह्यली?"

त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि मला वाटायचं की त्या माझ्यामागे उगाच माती उकरतात. आमच्याकडे नळ रोज येत नाही, तरी मी पाणी वाढवलं. पानं गळतच राहिली. शेवटी एका सकाळी त्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणाल्या, "इतवारी मले गावी सोडून दे. इथं माणसाचाच जीव लागत नाही, झाडाचा काय लागीन!"

ते चेष्टेत नव्हतं. त्या पिशवी भरायला लागल्या.

त्याच दिवशी गॅलरी पुसताना माझ्या लक्षात आलं. कुंडीतली माती कोरडी, आणि बाहेर लोंबणारी गोणपाटाची कड ओलीचिंब. कडेवरून थेंब फरशीवर गळत होता. कंदिलाची वात तेल ओढते तसं ते पोतं आतलं पाणी बाहेर ओढत होतं.

त्या झोपल्यावर कड कापून टाकावी, असं मनात आलं होतं. प्रश्न कात्रीने सुटला असता. पण मग झाड का सुकलं हे त्यांना कधी कळलं नसतं, आणि पाणी न घालणारी सून मीच राहिले असते. शिवाय ज्या बाईला एका जागी थांबवायचं आहे तिच्यापासून गोष्टी लपवून किती दिवस भागणार? मी त्यांचा हात धरून ओल्या कडेवर ठेवला.

त्यांनी कड चिमटीत पिळली. पाणी निघालं.

"पोत्याचं तोंड बाहेरच दुमडतेत," त्या म्हणाल्या. "जलमभर खळ्यावर असंच केलं. नाही तं भरता येत नाही."

"भरायला बरोबर आहे. पण हे भरून झालं ना आता."

त्यांनी कड सोडली आणि ओला हात पदराला पुसला. मला वाटलं, आता पिशवी आजच उचलणार.

"कात्री आण," त्या म्हणाल्या. "आन् मले शिकवू नको, फक्त कुंडी धर."

चारही कुंड्यांच्या कडा त्यांनी मातीच्या पातळीच्या खाली कापल्या. मातीत बोट घालून मुळाजवळ चाचपलं, खोडावर नख मारलं. आत हिरवं होतं.

रविवारी नवऱ्याने गाडी काढली, तेव्हा त्या गॅलरीतूनच ओरडल्या, "आज नाही येत मी. याले पालवी फुटू दे, मंग पाहू."

मार्गशीर्ष लागला होता. थंडीत गोडलिंबाला पालवी फुटत नाही, होळीशिवाय तर नाहीच. हे मला ठाऊक आहे, आणि ज्यांच्या अंगणात ते झाड वाढलं त्यांना ठाऊक नसेल असं होणार नाही. मी नवऱ्याला गाडी आत लावायला सांगितलं.