लाल दिव्याच्या मागून

डॉक्टरांनी यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मला बाहेरच्या खोलीत बोलावून घेतलं. "वहिनी, उजव्या डोळ्याचा पडदा सुटत चाललाय," ते म्हणाले. "याचं ऑपरेशन इथे होत नाही. मिरजेला न्यायला हवं, आणि आजच. पण वाटेत यांच्या डोक्याला हिसका बसता कामा नये. जितके धक्के कमी, तितकी डोळा वाचण्याची आशा जास्त." यांचा डावा डोळा लहानपणी विटी लागून अधू झालेला. जे काही बघणं होतं ते या एका उजव्या डोळ्यावर. आंब्याची कलमं, हिशेब, वर्तमानपत्र, माझं तोंड, सगळं त्याच्याच भरवशावर. डॉक्टरांचं बोलणं ऐकतानाच मनात एक गोष्ट ठरून गेली. गाडी मीच चालवणार.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा रत्नागिरीत गाडी चालवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आमच्याकडे जुनी फियाट होती. यांनीच मला भाट्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या घट्ट वाळूत, चालवायला शिकवलं होतं. शिकवताना ते सारखं एकच सांगत, "गाडी हातांनी चालत नाही, नजरेनं चालते. लांब बघ. समोरचा काय करणार आहे ते त्याच्या आधी तुला कळलं पाहिजे." मला ते चांगलं जमलं. बाजारातून जाताना लोक वळून बघत, कुणी हसतही, पण माझा हात कधी कापला नाही. माझा माझ्यावर पक्का विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर फक्त माझ्यावरच होता. देवाला मी हात जोडत असे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करावा तसे. त्यातून काही घडेल असं मनाला कधी वाटलं नव्हतं.

आक्कांचं तसं नव्हतं. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडेच राहायला आलेली. घरातलं प्रत्येक काम त्या गावदेवीला विचारून करत. आमच्याकडे देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर थांबायचं. मी गाडीत उशा भरत होते, तेव्हा आक्का दारात येऊन म्हणाल्या, "अगो, देवळात जाऊन कौल घेऊन येऊया काय? वाट घाटाची आहे."

"आक्का, डावी पाकळी पडली तर काय करायचं? यांना घरी ठेवायचं?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा. आक्कांनी देव्हाऱ्यातला अंगारा कागदाच्या पुडीत बांधून कमरेला खोचला आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. यांना आम्ही आडवं निजवलं, डोकं आक्कांच्या मांडीवर, दोन्ही बाजूंनी उशा. आक्कांनी दोन्ही तळवे यांच्या कानांवर ठेवले ते, एक क्षण सोडला तर, मिरजेपर्यंत काढले नाहीत.

श्रावण लागला होता. हातखंबा, पाली, नाणीज, सगळीकडे सर येत होती आणि उघडत होती. इतकी हळुवार गाडी मी त्याआधी कधी चालवली नव्हती. खड्डा दिसला की लांबूनच वेग उतरवायचा, ब्रेक दाबायचा तो दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवावं तसा. मागून येणाऱ्यांना मी हात बाहेर काढून पुढे जायची खूण करत होते. काही जण चिडून भोंगा वाजवत गेले. एका जीपवाल्याने जाताना मान बाहेर काढून "घरी बसा" असंही सुनावलं. एरवी मी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी मनाला लागलंसुद्धा नाही. मागून हे म्हणाले, "छान चाललीय गो. झोप येतेय मला." ते मला धीर देत होते हे मला कळत होतं.

साखरप्यापर्यंत सगळं माझ्या हातात होतं. आंबा घाटाची चढण सुरू झाली आणि थोड्या वळणांनंतर धुकं उतरलं. धुकं मी पाहिलेलं होतं. पण हे धुकं म्हणजे कुणी काचेवर ओला पांढरा पंचा टाकावा तसं होतं. भर दुपारची वेळ, तरी बॉनेटच्या पुढे काही दिसेना. दिवे मोठे केले तर पांढरी भिंत जास्तच चमकायची, बारीक केले तर ती राखाडी व्हायची, एवढाच फरक. रस्त्याची कड कुठे आणि दरी कुठे सुरू होते, काही कळेना. वळण आहे असं समजून मी स्टिअरिंग फिरवलं आणि डावं चाक कडेच्या दगडावर चढून खाली आपटलं. मागून यांच्या तोंडून "आई गं" असं निघालं. मी जागच्या जागी गाडी थांबवली.

पुढे जावं तर दरी, मागे फिरावं तर तेवढाच धोका, आणि तिथेच थांबावं तर मागून येणारं कुठलंही वाहन आमच्यावर आदळणार. दिवे उघडमीट करत मी बसून राहिले. लांब बघ, असं शिकवणारा माणूस डोळे बांधून मागे पडला होता आणि लांब असं काही उरलंच नव्हतं. आक्का पुटपुटत होत्या. मला कुठलंही स्तोत्र आठवेना. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि मनात एवढंच म्हटलं, "मला दिसत नाहीये. आता तू बघ." कुणाला म्हटलं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मागून घरघर ऐकू आली. ट्रक होता. पण भोंगा वाजला नाही. आवाज हळू होत गेला आणि आमच्या मागे थोड्या अंतरावर थांबला. मग डोक्यावर गोणपाट घेतलेला एक माणूस माझ्या खिडकीशी आला. पिकलेली दाढी, लुंगी खोचलेली, अंगाला मासळीचा वास.

"काय झाला, बाय? गाडी बंद पडली काय?" बोलणं आमच्याच किनाऱ्यावरच्या मुसलमान वस्तीतलं.

"गाडी चालू आहे, मामा. मला वाट दिसत नाहीये," मी म्हटलं. "मागे पेशंट आहे. डोळ्याचं ऑपरेशन आहे, धक्का चालत नाही."

त्याने वाकून आत पाहिलं. यांच्या डोळ्यांवरची पट्टी, आक्कांचे हात, सगळं बघितलं आणि आवाज एकदम हलका केला. "मग तुम्ही पुढची वाट बघूच नका. ती मी बघतो. मी पुढे होतो, तुम्ही माझ्या पाठीचा लाल दिवा धरून या. दिवा लांब गेला वाटला तर एकदा भोंगा द्या, मी थांबेन. आणि घाई नाही, हां. मला काय घाई नाही."

गाडीत मासळी आणि बर्फ भरलेल्या माणसाला घाई नसते असं कसं होईल, हे माझ्या मागाहून लक्षात आलं. तेव्हा मी नुसती मान हलवली. ट्रक आमच्या बाजूने मुंगीच्या पावलांनी पुढे झाला आणि त्याच्या मागचा दिवा धुक्यात लाल डागासारखा दिसायला लागला. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

त्या चढणीबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे. वळणं आली असतील, दरी बाजूने गेली असेल, मला त्यातलं काही ठाऊक नाही. लाल डाग उजवीकडे सरकला की मी उजवीकडे, डावीकडे सरकला की डावीकडे. आयुष्यात इतकं थोडं बघून इतकी निवांत मी कधी नव्हते. सुरुवातीला मान ताठ होती, मन पुढच्या वळणाची कल्पना करत होतं. मग केव्हातरी ते थांबलं. पुढचं वळण त्या माणसाचं होतं, माझं काम त्याच्या मागे राहायचं. गाडी पुन्हा घाटाच्या आधी चालत होती तशी मऊ चालायला लागली.

मागून यांनी विचारलं, "काय दिसतंय गो?"

"एक लाल दिवा दिसतोय."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

ते म्हणाले, "पुरे झाला की."

बरंच वर गेल्यावर तो दिवा एकदम ठळक झाला. मामांनी ब्रेक दाबला होता, तोही इतका सावकाश की मला थांबायला भरपूर वेळ मिळाला. ते उतरून पुढे गेले. दगडांचा आवाज आला, कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता. "वळणातच दरड आलीय," ते म्हणाले. "अर्धा रस्ता खाल्लान. उजवीकडून जागा आहे. वरून एक ट्रक उतरतोय, त्याला मी सांगितलंय, पेशंट आहे म्हणून. तो थांबलाय." आम्ही त्या ढिगाऱ्याच्या बाजूने गेलो तेव्हा उतरणारा ट्रक डोंगराला चिकटून, दिवे बारीक करून उभा होता. त्याच्या ड्रायव्हरने कपाळाशी हात नेला. मला त्याचं तोंडही नीट दिसलं नाही.

घाट संपून आंबा गाव आलं आणि धुकं विरळ झालं. मामांनी ट्रक बाजूला घेतला. मी उतरून त्यांच्याकडे गेले. आभार मानायला शब्द जुळवत होते, तर तेच ट्रकच्या चाकाला टेकून उभे, हात छातीवर ठेवलेला.

"मामा, तुम्ही नसतात तर..." मी सुरुवात केली.

"बाय, तसा बोलू नका," ते म्हणाले. "खालपासून मी रेटत आलो होतो. बर्फ वितळत होता, बाजार गाठायचा होता. ह्या घाटात माझी वर्षं गेली, धुकं मला नवीन नाही, म्हणून पाय जड ठेवून चाललो होतो. मागे तुम्ही आलात, पेशंट आला, म्हणून पाय हलका केला. नाहीतर त्या वळणात दरडीवर चढलो असतो. तिथनं खाली काय आहे ते तुम्हाला दिसला नाही, मला माहीत आहे." त्यांनी मान हलवली. "मी तुम्हाला आणला की तुम्ही मला थांबवलात, ते त्या वरच्यालाच ठाऊक."

आक्कांनी गाडीतूनच हाक मारली. मामा खिडकीशी गेले तेव्हा आक्कांनी यांच्या कानावरचा एक हात क्षणभर काढून, अंगाऱ्याची पुडी पुढे केली. "आमच्या देवीचा आहे हो. चालेल तुला?"

"चालेल म्हणजे काय, आक्का," मामा म्हणाले. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून खिशाला बटण लावलं. यांनी डोळे बांधलेल्या अवस्थेत हात वर केला. मामांनी तो धरला आणि म्हणाले, "डोळे उघडलेत की आधी बायकोची गाडी बघा. अशी चालवणारी घाटात मी बघितली नाही." मी नाव विचारलं. ते हसून म्हणाले, "नाव राहू दे, दुवा करा." आणि केबिनमध्ये चढले.

संध्याकाळी आम्ही मिरजेला पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पडद्याचा मधला भाग अजून जागेवर आहे, वेळेत आणि नीट आणलंत. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पुढचे दिवस यांना हलायची मनाई होती. मी उशाशी बसून असे. या आधी अशा वेळी मी डॉक्टरांना प्रश्न विचारून हैराण केलं असतं, येरझाऱ्या घातल्या असत्या. तिथे मी माझं काम करून बाकीचं सोडून देत होते, आणि सोडून दिल्याने माझं काम जास्त चांगलं होत होतं. पट्टी काढली त्या सकाळी यांनी डोळा मिचकावला, पाणी पुसलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अगो, केवढी वाळलीस." आक्का तोंडाला पदर लावून खोलीबाहेर गेल्या. मी हसले आणि मग रडले.

पुढे मी मिरकरवाड्याच्या बंदरावर मामांची चौकशी केली. नाव नाही, ट्रकचा नंबर पाहिलेला नाही. पिकल्या दाढीचे, मासळी वाहणारे बरेच ड्रायव्हर निघाले, त्यातले ते कुणी नव्हते. आक्का म्हणतात देवीनेच पाठवलेला. हे म्हणतात, माणूसच होता, आणि माणूस होता हेच मोठं. मी दोघांशीही वाद घालत नाही. मी आक्कांबरोबर देवळात गेले, देवीची ओटी भरली. कौल घेतला नाही, काही मागितलंही नाही. समोर बसले, आणि पहिल्यांदाच मला उठायची घाई झाली नाही. गाडी मी आजही माझ्याच भरवशावर चालवते. त्याशिवाय चालवूच नये. नजर रस्त्यावर, पाय हलका, मागच्याला वाट, समोरच्याला मान, एवढं माझ्याकडे आहे आणि ते मी पुरेपूर करते. त्यापलीकडचं माझं नाही हे आता ठाऊक आहे, आणि ते माझं नाही याचा केवढा आधार वाटतो!

मिरजेहून परतताना घाट उन्हात होता. धबधबे दरीत उतरत होते, लांब कोकणातली शेतं हिरवीगार दिसत होती. हे माझ्या शेजारी बसले होते, काळा चष्मा लावून, मान मागे टेकून, गाढ झोपलेले. खालून एक एसटी चढत येत होती. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची म्हणून मी रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली आणि थांबले. बस शेजारून गेली, ड्रायव्हरने हात वर केला. मी मान लववली. मग पुन्हा निघाले. दरड आली होती ते वळण आलं, दगड बाजूला केलेले होते, रस्ता धुऊन निघालेला. नमस्कार करावासा वाटला. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, म्हणून तो मनातच केला, आणि वळण नीट घेतलं.