बंदीतला सरंगा

"मावशी, जरा रडवेलं वाचा," मॅडम म्हणाली आणि तिने कागद माझ्या हातात दिला.

समोर स्टँडवर मोबाईल. तोंडावर गोल दिवा. अंगावर माझ्या सासूचं लुगडं, नाकात ऑफिसची नथ. दाबाची. तासाभरात नाक सुन्न करणारी. कागदावर ही मोठमोठी अक्षरं टाईप केलेली, जसं काही मला बारीक वाचताच येत नाही.

'मी एक अडाणी कोळीण. मला मोबाईलमधलं काही कळत नाही. माझ्या हातून चुकून जुना व्हिडिओ टाकला गेला. कंपनीचा यात काही दोष नाही. मला पदरात घ्या.'

मी एकदा वाचलं. परत वाचलं. एवढ्या सगळ्यात 'कोळीण' हा एकच शब्द खरा.

आता नीट पहिल्यापासून सांगते.

मी डोंबिवली पश्चिमेची, खाडीकाठच्या गावातली. वय छप्पन्न. सातवी पास. तीस वर्षं मार्केटात मासळी विकली. आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाला शंका आली की वाद घालायचा नाही. मासा उचलायचा, अंगठ्याने कल्ला उघडायचा आणि पुढे धरायचा. आत लाल दिसलं तर ताजा. काळपट दिसलं तर विकणारीचं तोंड काळं. तीस वर्षं कल्ले उघडून दाखवले, मान खाली घालायची पाळी एकदाही आली नाही. माझ्याकडे दुसरी इस्टेट नाही.

मग गुडघे गेले. खाली बसवेना. आणि नव्या टॉवरमधली माणसं मार्केटात उतरतच नव्हती, मोबाईलवरून मागवायची. माझी सून रुपाली म्हणाली, "आई, तुम्ही बोलता भारी. आपण व्हिडिओ करू." केले. कोलंबीचा धागा कसा काढायचा, खाडीच्या चिखलातल्या निवट्या राखेत चोळून कशा साफ करायच्या. बोलता बोलता तोंडातून एखादी शिवी जायची. लोकांना तीच जास्त आवडायची.

ते बघून ठाण्याच्या एका एजन्सीचा फोन आला. दुसऱ्यांच्या मालाची मोबाईलवर जाहिरात करायचं ऑफिस. घरपोच मासळी देणारी एक कंपनी त्यांच्याकडे आलेली, तिला चेहरा पाहिजे होता. मी म्हटलं, चेहरा देते, पण काम शिकवा. खाली लिहितात ते कसं लिहायचं, कुठली पोस्ट कधी सोडायची, किती जणांनी बघितलं ते कुठे बघायचं, सगळं. हो म्हणाले. गळ्यात कार्ड आलं, 'सोशल मीडिया ट्रेनी'. पहिल्या दिवशी ते कार्ड घालून मी मुद्दाम मार्केटातून चक्कर मारली, खोटं कशाला बोलू?

माणकोलीचा पूल झाल्यापासून ठाणं जवळ आलंय. रुपाली स्कूटीवरून सोडायची.

ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी रूम फ्रेशनरचा डबा ठेवलेला. मी जागेवरून उठले की कुणीतरी फुस्स करायचं. पहिल्या दिवशी सोमवार होता, माझा उपास. सकाळपासून पोटात साबुदाणा. तरी फुस्स! मी हसले. शिकायचं होतं ना. ते हसणं आता आठवलं की माझीच मला चीड येते.

मी वही केली. रील म्हणजे काय, शेड्यूल म्हणजे काय, सगळं माझ्या भाषेत उतरवून घेतलं. त्यांची पद्धत अशी की एका दिवसात पंधरा रील काढून ठेवायच्या आणि मग तीन-चार महिने एकेक सोडायची. चैत्रात अशीच एक काढली. हातात सरंगा, म्हणजे तुमचं मोठं पापलेट. मी कल्ला उघडला आणि म्हटलं, "बघा, लालबुंद! आज पहाटेचा आहे." खरंच होता. धक्क्यावरून मीच आणलेला.

मग पाऊस लागला. पावसाळ्यात आमच्या होड्या समुद्रात जात नाहीत. सरकारची बंदी आहे ती आहेच, पण आमची त्याच्या आधीपासूनची. मासळीच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी असतात, त्या दिवसांत तिला हात लावायचा नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, मगच जाळं बाहेर काढायचं. खाडीत चार निवट्या, चार चिंबोऱ्या मिळतात तेवढ्या. पण सरंगा खाडीत येत नाही. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही.

आषाढात मी कॉम्प्युटरवर पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर बघत होते. मंगळवारच्या रकान्यात माझा सरंगा! खाली लिहिलेलं, 'आज पहाटे आमच्या होडीतून, थेट तुमच्या घरी.' कंपनी विकत होती बर्फातला माल. मी वही घेऊन मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे एजन्सीची मालकीण, माझ्या लेकीच्या वयाची.

म्हटलं, "मॅडम, ही बंदीत नका टाकू. लोक मला खोटी म्हणतील."

तिने मान वर केली, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मावशी, तुम्ही कंटेंट आहात. स्ट्रॅटेजी आम्ही बघतो."

सगळं ऑफिस हसलं. मी जागेवर आले. वहीत त्या मंगळवारपुढे लिहिलं: 'नको म्हणून सांगितलं. हसले.'

मंगळवारी रील पडली. दुपारी दिराचा फोन. नाथाभावजी, गावातल्या होडीवाल्यांचे पुढारी. "काय गो वयनी, बंदीन सरंगा कुठशी आनलास? आमी होड्या शाकारून बसलोय, न तू दर्या लुटाला निंगालीस?"

मी काही बोलायच्या आत फोन बंद.

मग गुप्तेवहिनींचा. डोंबिवली पूर्वेच्या, बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, बर्फातला म्हणून सांगितलं असतंस तरी मी घेतला असता. 'आज पहाटे' कशाला म्हणालीस?"

या बाईने बावीस वर्षांत मला एकदाही कल्ला उघडायला लावला नव्हता. मी हातात घेईन तो मासा ती पिशवीत टाकायची.

माझा 'आज' त्यांनी तीन महिने बर्फात ठेवला आणि माझ्याच तोंडून विकला.

रीलखाली आमच्याच कोळीवाड्यांतल्या माणसांनी मला सोलून काढलं. कंपनी घाबरली. आणि तिसऱ्या दिवशी तो कागद.

"तुमच्या तोंडून आलं ना मावशी, की लोक विरघळतात," मॅडम मला समजावत होती. "ब्रँडवर काही येणार नाही. आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला पर्मनंट करायचंय ना आपल्याला?"

खरं सांगते, क्षणभर वाटलं, टाकावं वाचून. खुर्ची होती. पंखा होता. गुडघे दुखत नव्हते. गळ्यातलं कार्ड होतं. पाच वाक्यं, अर्धं मिनिट.

पण तो 'अडाणी' घशाखाली उतरेना. सरंगा कधी येतो आणि कधी येत नाही, हे त्या अख्ख्या ऑफिसात एकट्या मला माहीत होतं. आणि अडाणी मी?

"रोलिंग," कुणीतरी म्हणालं.

मी मोबाईलकडे बघितलं. "मी कोळीण. अडाणी नाय. ही रील चैत्रातली आहे. बंदीत टाकू नका, असं मी सांगितलेलं. ज्यांनी टाकली ते हे माझ्यासमोर उभे आहेत."

"कट! कट! मावशी, काय चाललंय हे?"

"वाचतेय ना. तुम्ही लिहायचं विसरलात, ते."

दाबाची नथ काढायला वेळ लागत नाही. टेबलावर ठेवली. कार्ड काढलं. ते ठेवताना हात जड झाला, लपवत नाही. मग माझ्या टेबलाजवळचा तो रूम फ्रेशनर उचलला आणि मॅडमच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"हा इथे ठेवा. वास इथून येतोय."

लुगडं घरचं होतं. ते नेसूनच जिना उतरले.

घरी आले आणि रुपालीला खाडीवर नेलं. ती म्हणाली, "आई, अहो, नोकरी?"

"धर मोबाईल," म्हटलं.

वहीचं ते पान उघडलं आणि पुढे धरलं. "कोळणीवर शंका आली की ती कल्ला उघडते. हा घ्या. काय ते बघा."

व्हिडिओ रुपालीने लगेच टाकला. दुसऱ्या दिवशी एजन्सीचा फोन. करार आहे, केस करू. मी म्हटलं, "करा. वही घेऊन येते."

तुम्हाला वाटेल, मग सगळं जग माझ्या बाजूने उभं राहिलं. कुठलं! खोट्या सरंग्याला जेवढी माणसं आली, त्याच्या पाव पण माझ्या वहीला आली नाहीत. 'म्हातारी ड्रामा करते' असं पण लिहिलं कुणी कुणी. नाथाभावजी येऊन ओटीवर बसले, चहा प्यायले, "बरा केलास" एवढंच म्हणाले आणि गेले. पगार गेला तो गेलाच.

आता आमच्या ओटीवर गावातल्या पाच जणी बसतात. मी शिकवते, रुपाली शिकवते. पहिला धडा हा, की कुणी कागद दिला तर आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, मग नथीला हात लावायचा. दुसरा, आपला व्हिडिओ कुठल्या दिवशी सुटणार ते आपल्या अक्षरात लिहून घ्यायचं.

तीच मासळीची कंपनी आता दुसऱ्या एजन्सीकडून फोन करते. चेहरा पाहिजे म्हणतात. मी विचारते, "कॅलेंडर कुणाच्या हातात?" "आमच्याच," म्हणतात. मी फोन ठेवते. असाच ठेवत राहणार. माझं तोंड पाहिजे तर त्यातला शब्द माझा, आणि तो कुठल्या दिवशी बाहेर पडेल ते सांगणारी पण मीच.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या गेल्या, भरून आल्या. गुप्तेवहिनींचा फोन काही अजून आलेला नाही. उद्या सकाळी सरंगा घेऊन मी त्यांच्या दारात जाणार आहे. आत ये म्हणोत, न म्हणोत. उंबऱ्याबाहेर उभी राहून आधी कल्ला उघडणार.