भिंतीवरचा एडका

आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत दीडशे पावलांची. पण ती पार करायला मला दीड तासापेक्षा कमी वेळ कधी लागलेला नाही, कारण प्रत्येक ओट्यावर एक माणूस बसलेला असतो आणि प्रत्येकाला काहीतरी विचारायचं असतं. मी पाट्या रंगवणारा. सेनगावपासून नरसीपर्यंतची जेवढी हॉटेलं, जेवढ्या रसवंत्या, जेवढ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, त्यांवरची निम्मी अक्षरं माझ्या हातची, आणि उरलेली निम्मी माझी बघून काढलेली. हे मी एकटाच म्हणतो असं नाही, माझी आईसुद्धा म्हणायची.

गेल्या वर्षी समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला गिलावा झाला. ग्रामपंचायतीनं मला रंग दिले आणि सांगितलं, मोर काढ, कमळ काढ, खाली 'झाडे लावा' लिही. मी मान हलवली. पण मोर मी आजवर इतके काढलेत की जिल्ह्यात खऱ्या मोरांपेक्षा माझेच जास्त भरतील. म्हणून मी आमची गल्लीच काढायला घेतली, आहे तशी. नळावरच्या घागरी, ताडपत्रीवर वाळत घातलेलं सोयाबीन, मशीनवर वाकलेला शिंपी, अर्ध्या गालाला साबण लावून फोनवर बोलत बसलेलं न्हाव्याचं गिऱ्हाईक.

वीस दिवस लागले. काम कसं झालं ते मी माझ्या तोंडानं सांगत नाही. एवढंच सांगतो, की चित्रातली भाकरी उचलायला एक कावळा तीनदा भिंतीवर आपटला आणि चौथ्यांदा बायकोला घेऊन आला. शिंपी म्हणाला, माझे कान मोठे झालेत. मी लहान केले, तर दुसऱ्या दिवशी म्हणतो, "काल तू कान छाटल्यापासून कमी ऐकू येऊन राहिलं."

चित्राच्या मधोमध मेंढरं होती. आमच्या गल्लीतून रोज सकाळी दोन कळप निघतात. एक माझ्या शेजारच्या काकूचा, दुसरा तिच्या दिराचा. त्याला सगळी गल्ली आबा म्हणते. दोघांच्या घरांत एकच भिंत. मेंढरं एकसारखी दिसतात म्हणून त्यांच्यावर खूण करतात: काकूच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा लाल पट्टा, आबाच्या मेंढरांच्या मानेवर निळा. ज्याची खूण, त्याचं जनावर. त्यात कुणी कोर्टकचेरी करत नाही. फक्त कातरणीच्या दिवशी लोकरीबरोबर खूणही उतरते, आणि तासभर सगळी मेंढरं बिनमालकाची होतात.

भिंत रंगवण्याच्या तीन वर्षं आधी अशाच एका तासात काकूचा एडका, तेव्हा तो अजून कोकरूच होता, आबाच्या कळपात घुसला. आबा ओळीनं निळं फासत आला, त्यात तोही रंगला. चुकून की जाणून, हे आबालाच माहीत. त्या कोकराची आई त्याला जन्म देतानाच मेली होती आणि काकूनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पण चार जाणती माणसं बसली, त्यांनी खूण पाहिली, खूण निळी होती. त्या दिवसापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद.

तर तो एडका मी काढला. शिंगं अशी वळवली की बघायला आलेल्या बायकांनी आपापली लेकरं मागं ओढली. आणि खऱ्यासारखाच मानेवर निळा पट्टा दिला. डोळ्यांना दिसतं ते काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

दुपारी काकू आली. आधी तिनं स्वतःला पाहिलं. "माझं लुगडं बराबर काढलंस," म्हणाली. मग तिची नजर एडक्यावर गेली.

"ते चार जण बसले, तवा तू कुठं होतास?"

"तिथंच होतो."

"काही बोलला न्हाईस."

"न्हाई."

"मला वाटलं, भेलं असंल पोरगं. आता भिंतीवरबी लिहून ठेवलंस, त्याचा हाय म्हणून. ते चार जण उद्या मरतील. भिंत ऱ्हाईल."

वीस दिवस मला रोज दोन वेळा तिच्या घरून चहा येत होता. एकविसाव्या दिवशी आला नाही.

मी लाल रंगाचा डबा घेऊन भिंतीपुढं उभा राहिलो. पट्टा लाल केला तर आबा बोलणं टाकणार. शेवटी माझ्या सुपीक डोक्यातून निघालं, लाल आणि निळा मिसळून टाकावा. शिंपी मशीनवरून न उठता म्हणाला, "जांभळा केलास तर दोघं एकत्र येऊन तुला मारतील. करून टाक, त्यांची दिलजमाई तरी होईल."

आबाचा ओटा भिंतीच्या बरोब्बर समोर. सकाळी राखुंडीनं दात घासत तो रोज ते चित्र पाहायचा. चार-पाच दिवसांनी त्यानं मला हाक मारली.

"माझी समदी मेंढरं तू माझ्या मागं काढलीस."

"व्हय, आबा."

"मंग हा एकटाच तिच्या मागं काहून?"

मी वळून पाहिलं. खरंच, निळ्या मानेचा एडका काकूच्या पाठोपाठ चालला होता, तोंड तिच्या पदराशी. शपथेवर सांगतो, हे मला काढताना कळलं नव्हतं.

"तो तसाच चालतो न, आबा. तुमी रोज काठीनं वळवता, तवा तुमच्याकडं येतो."

आबानं चूळ भरली आणि बाजूला टाकली.

"तीन वर्षं वळवून राहिलो," तो म्हणाला.

"पुसू का?"

"आता पुसून काय करतो? गावानं पाह्यलं."

मी थापांवर जगणारा माणूस. त्या सकाळी मी थाप न मारता, चित्र तसंच ठेवून घरी गेलो.

दिवाळीनंतर कातरणी झाली. आबा निळ्याचा डबा घेऊन ओळीनं फासत निघाला, आणि एडक्यापाशी आल्यावर त्याला वगळून पुढच्या मेंढीकडं गेला. शेवटी डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला बसला. सगळ्या गल्लीला अचानक कामं आठवली. शिंपी बिनदोऱ्याची मशीन चालवत होता. एडका जरा वेळ उघड्या अंगानं उभा राहिला, मग काकूच्या दाराकडं चालू लागला. आबाची काठी भिंतीला टेकून होती, तिथंच राहिली.

काकू गेरूचं भांडं घेऊन बाहेर आली. दिराकडं न बघता एडक्याला म्हणाली, "आलास का, बाप्पा." आणि पाठीवर पट्टा ओढला.

"जाड ओढा, वहिनी," आबा हात पुसत म्हणाला. "लई लोळतो तो."

तिनं आणखी एकदा ओढला.

मग उरलेला गेरू घेऊन ती सरळ भिंतीकडं आली. मी घाईघाईनं ब्रश पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"स्टूल आण. माझा हात पुरत न्हाई."

मी स्टूल आणलं आणि धरून उभा राहिलो. तिनं चार बोटं गेरूत बुडवून भिंतीवरच्या एडक्याच्या पाठीवर ओढली. गेरू पातळ होता, ओघळ पार त्याच्या खुरापर्यंत आले.

"मानेवरचं निळं पुसू का, काकू?" मी खालून विचारलं.

ती उतरली. हात पदराला पुसला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "तीन वर्षं त्यानंबी चारलंच की."