शिवेवरचं कुलूप

आमच्या जीपला कुणी खटारा म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नगरला मिलिटरीच्या लिलावात घेतली तेव्हा तिच्यात इंजिनच नव्हतं. आम्ही भंगारातून एका जुन्या टॅक्सीचं पेट्रोल इंजिन आणलं, घरापुढच्या लिंबाच्या फांदीवरून मोटेचा नाडा टाकला आणि बैलांच्या जोरावर ते उचलून जीपच्या पोटात उतरवलं. फिटरला हात लावू दिला नाही. सगळं शिंगणापूर बघायला लोटलं होतं आणि त्यातल्या निम्म्यांनी, हे काही चालायचं नाही, असं तिथंच सांगून टाकलं.

इंजिन बसलं, पण पंप बसेना. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा पंप त्या इंजिनाच्या कुशीला होता आणि नेमकी तिथंच जीपची चासी आडवी येत होती. शेवटी पंप काढला आणि त्याच्या जागेवर जाड पत्रा आवळून टाकला. आता पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत न्यायचं कसं, यावरून आम्हा बापलेकांची जुंपली. अण्णा म्हणायचे, पंप हवाच कशाला? विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची टाकी वर असते, तेल आपोआप खाली येतं. तशीच टाकी बॉनेटवर बसवू. मला विजेवर चालणारा पंप हवा होता. नगरच्या एका गॅरेजात तो टकटक करताना मी ऐकला होता आणि तेव्हापासून त्याच्यावर जीव जडला होता. पण घरात शब्द अण्णांचा. गाडीतली ड्रायव्हरशेजारची जागाही त्यांचीच. ते गाडीत नसले तरी तिथं कुणी बसत नसे, आईसुद्धा नाही. टाकी बॉनेटवर चढली.

आमच्या गावात घरांना दारं नाहीत, मग कुलपाचं नावच नको. गावात असताना टाकीच्या तोंडात आम्ही चिंधीचा बोळा कोंबायचो. पण नगरच्या बाजारात गाडी उभी केली की पेट्रोल कोण कधी काढून नेईल याचा नेम नव्हता. म्हणून अण्णांनी कुलपाचं झाकण आणलं. ते गावात न्यायचं कसं, यावर तोडही त्यांनीच काढली. शिवेवर बाभळीखाली एक सपाट दगड होता. बाहेर जाताना त्याच्याखालचं झाकण काढून टाकीला लावायचं, येताना परत दगडाखाली सारायचं आणि बोळा कोंबायचा. शनिदेवाचा मानही राहिला आणि पेट्रोलही राहिलं. या युक्तीचं आम्हाला फार कौतुक होतं.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिसगावला गेली होती. लग्नाआधी विहिरीवरचं इंजिन तीच सांभाळायची. हँडल मारून ती ते असं सुरू करायची की शेजारच्या मळ्यातले गडी बघत राहायचे. त्या नागपंचमीला मी मुराळी होऊन तिला जीपमधून आणायला निघालो. नगरला पेट्रोल भरलं, घाट उतरून झोकात तिसगावला पोचलो. परतताना मात्र करंजीच्या घाटात निम्म्या चढावर गाडीनं मान टाकली. पावसानं दडी मारलेली, वर रणरणतं ऊन. पोचवायला आलेला तिचा दीर बराच वेळ थांबला, मग तिला घेऊन एसटीनं माघारी गेला. ती खिडकीतून माझ्याकडं नाही, गाडीकडं बघत होती. ते दोघं गेले आणि काही वेळानं गाडी आपसूक सुरू झाली. तेव्हा तिच्यावर धोंडा घालावासा वाटला.

पंचमी तिच्याविना गेली. आई झोक्याकडं फिरकली नाही. वर तिच्या सासूबाईंचा निरोप आला, की पुन्हा एसटीनं या, त्या डब्यात मी सून बसवायची नाही. अण्णांना तो निरोप फार लागला. पोरगी येईल तर आपल्याच गाडीतून, एवढंच ते बोलले आणि गाडीचं सगळं माझ्या हवाली केलं. लेकीचं दिवाळीचं माहेर आता त्या पंपावर येऊन ठेपलं होतं.

टाकी तापलेल्या इंजिनावर, म्हणून पेट्रोल उकळून बंद पडली, असं आम्ही ठरवून टाकलं. मी टाकी पार मागं नेली आणि विजेचा पंप आणला. पहिला आणला तो कुठल्याशा मोठ्या गाडीचा. त्याला इतका जोर की कार्बोरेटर भरून पेट्रोल इंजिनावर सांडायला लागलं आणि अण्णा घमेल्यात माती घेऊन धावत आले. कार्बोरेटरला जोर नको असतो, सारखी धार हवी असते, हे मी तेव्हा शिकलो. दुसरा पंप लहान घेतला. तो पुढं इंजिनाजवळ न लावता मागं, टाकीलगत, तिच्या तळाच्याही खाली बसवला, कारण असला पंप ढकलायला तरबेज आणि ओढायला आळशी. सायलेन्सरपासून लांब ठेवला, नळीला धग लागणार नाही अशी वळवली. गावातल्या गावात, मळ्याच्या चिखलातून, गाडी अशी पळायला लागली की हसणारे गप्प झाले. मी तर जमिनीवरच नव्हतो.

दिवाळीला पुन्हा तिसगाव गाठलं. सासूबाई स्वतःच पाटी घेऊन गाडीत चढल्या. घाट संपेपर्यंत येते, म्हणाल्या. गाडी मध्ये थांबली तर सुनेला घेऊन मिळेल त्या एसटीनं परत फिरेन. सासूसुना मागं बसल्या, अण्णांच्या जागेवर फराळाची पाटी. मी देवाचं नाव घेऊन घाटाला लागलो.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग पंपाची टकटक मंदावली, इंजिन दोनचार गचके खाऊन थांबलं. पंचमीची तीच जागा, हातभर इकडं ना तिकडं. मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. मागं सासूबाई पदर सावरून उतरायला लागल्या होत्या. तिकडं अण्णा शिवेवर वाट बघत बसले असणार हे मला ठाऊक होतं.

"दादा, त्या टाकीचं कुलूप काढ," बहीण म्हणाली.

पेट्रोल भरपूर आहे, मी खेकसलो.

"पेट्रोलचं न्हाई म्हनत मी. गावात चालती आन् गावाभायेर मरती. गावात कुलूप नसतं. इहिरीवरच्या इंजनाच्या झाकनाला भोक हाय, ते बुजलं की इंजन बंद पडायचं. बाभळीच्या काट्यानं रोज कोन साफ करायचं ते?"

मी किल्ली लावली. झाकण सैल होताच टाकीनं फस्सकन हवा आत ओढली, बुडणाऱ्यानं वर येऊन दम घ्यावा तशी. त्या झाकणाला श्वासाएवढंही भोक नव्हतं. टाकीत हवाच जात नव्हती, तर पेट्रोल बाहेर कसं येणार? जाताना नगरला पेट्रोल भरायला झाकण उघडायचो म्हणून निभावायचं, आणि पंचमीला उभ्या उभ्या थोडी हवा झिरपली असणार म्हणून गाडी मागाहून सुरू झाली होती. बहिणीनं पाटीवरच्या फडक्याची पट्टी फाडून बोळा केला आणि स्वतःच्या हातानं कोंबला. पंप टकटक करायला लागला. सेल्फ मारताच इंजिन असं लागलं की मला रडू आलं. कुणाचा पंप आणि कुणाची टाकी! डोकं माझ्या बहिणीचं होतं, आणि मला तिचा असा अभिमान वाटला की पंचमीपासूनचा सगळा राग जिरून गेला.

पण सासूबाई खालीच उभ्या होत्या. गाडी थांबली होती, बोली मोडली होती. त्यांनी एकदा सुनेच्या पेट्रोलनं माखलेल्या हाताकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"थांबली ती तुमची गाडी," त्या म्हणाल्या. "चालू केली ती आमच्या सुनंनं. चला, मी बी येते शिंगनापुरापातुर."

घाट संपला, नगर गेलं, घोडेगाव गेलं. अण्णा बाभळीखाली त्या दगडावरच बसले होते. गाडी दिसताच उठले आणि पहिला प्रश्न गाडीचाच, घाटात थांबली का? मी तोंड उघडायच्या आत विहीणबाईंनी सगळं सांगितलं, आपल्या सुनेचं कौतुक असं की जणू ती त्यांच्याच घरी जन्मली होती. बहिणीनं झाकण पुढं केलं. अण्णांनी ते दगडाखाली सारलं, ते कायमचंच. मग नेहमीसारखे आपल्या जागेकडं आले, तिथली फराळाची पाटी उचलली आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

"तू म्होरं बस," ते लेकीला म्हणाले.

ती नको नको म्हणत राहिली. तोवर ते पाटी घेऊन मागं चढलेसुद्धा. तिला पुढं बसवून मी गाडी गावात घातली, आणि अण्णा मागच्या बाकावर, पाटी मांडीवर घेऊन, पाय आखडून बसले. सगळ्या गावानं ते पाहिलं.