रिकाम्या गाडीत मेहुण्याचं सामान

रिकामा ट्रक दिसला की आमच्याकडे माणसांना हुरूप येतो. अर्धापूरची केळी दिल्लीला टाकून परतीच्या भाड्यासाठी मी तिथं दिवस दिवस गाडीच्या सावलीत बसलोय, शेवटी कंटाळून रिकामा निघालोय. तेव्हा कुणाचा फोन येत नाही. पण गाडी लातूरहून नांदेडला रिकामी निघालीय असं नुसतं कळू द्या! कुणाची खाट, कुणाचं कपाट, कुणाची लग्नातली पातेली. वर ऐकवायचं, ‘रिकामीच तर चालली.’ जशी काही ती पाण्यावर चालते. रिकाम्या गाडीलाही डिझेल लागतं, टोल लागतो, आणि ती भरलेल्या गाडीपेक्षा जास्त आदळते. खालचे स्प्रिंगचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात. ओझं नसलं की प्रत्येक दणका थेट चालवणाऱ्याच्या कमरेत. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

त्या दिवशी मात्र मलाच गाडी रिकामी हवी होती. माझी मुलगी नर्स आहे. तिला सौदीतल्या एका दवाखान्यात दोन वर्षांची नोकरी लागली होती आणि संध्याकाळच्या बसनं ती नांदेडहून हैदराबादला, विमानासाठी निघणार होती. धर्माबादची मिरची लातूरला उतरवायची आणि तडक घर गाठायचं, असं मी ठरवलं होतं. परतीचं भाडं मुद्दाम घेतलं नव्हतं. ‘बाबा, तुमच्या पाया पडल्याबिगर मी निघणार न्हाई,’ असं तिनं फोनवर बजावलं होतं.

शेवटची पोती उतरत होती आणि मेहुण्याचा फोन आला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लातूरला सरकारी कचेरीत होता, त्याची नुकतीच नांदेडला बदली झाली होती.

“दाजी, गाडी रिकामीच चालली ना? आमची चार भांडी टाकू.”

“आज न्हाई रे. पोरगी निघून राहिली संध्याकाळी.”

“हाव, मलाबी भेटायचंच हाय तिला. अर्ध्या घंट्यात भरू की.”

बायकोच्या भावाला तोंडावर नाही म्हणणं आमच्या घरात अजून कुणाला जमलेलं नाही. मी गाडी त्याच्या दारात लावली. चार भांडी म्हणजे फ्रिज, दोन कपाटं, काचेची शोकेस आणि गाद्यांचा ढीग.

“मिरची उतरवलीय आत्ताच,” मी म्हणालो. “गाद्या नका टाकू. न्हाईतर खाली ताडपत्री अंथरतो.”

मेहुण्याच्या बायकोनं गाडीच्या मागच्या फाळक्यापाशी येऊन आत डोकावलं आणि शिंकत मागं सरली. “अगं बाई! लेकरं झोपतात त्या गाद्यांवर. धुऊन आणा की दाजी. रिकामीच तर हाय गाडी.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी मी गाडी धुवायला नेली. तिथं आधीच गाड्या उभ्या. माझा नंबर आला तेव्हा पाण्याबरोबर मिरची उडून डोळ्यांत गेली. अंगाची आग आग झाली. परत आलो तर दोघं म्हणतात, हौदा ओला आहे, गाद्या भिजतील, जरा वाळू द्या. मग आम्ही हौदा वाळायची वाट बघत बसलो. त्याच्या बायकोनं चहा दिला. तो मी प्यालो नाही. राग दाखवायची तेवढीच सोय होती.

निघालो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मेहुणा केबिनमध्ये माझ्या शेजारी, त्याची बायको-मुलं एसटीनं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. जरा वेग घेतला की हा दांडा धरून ओरडायचा, “हळू दाजी, शोकेस हाय मागं!” मी वेग कमी करायचो, घड्याळाकडं बघायचो आणि मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

लोहा आलं आणि फोन वाजला. मी गाडी कडेला घेतली.

“बाबा, बस सुटली,” मुलगी म्हणाली. “लई सांगितलं कंडक्टरला, थोडं थांबला बी तो.” मग म्हणाली, “तुमी घाई करू नका. जपून या.”

जा बाई, नीट जा, एवढंच कसंबसं म्हणालो आणि फोन ठेवला. दोन वर्षं. पाया पडणं राहू द्या, मला तिच्या डोक्यावर एकदा हात ठेवायचा होता.

मेहुण्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मोठा श्वास सोडला, पाय पसरले आणि म्हणाला, “चला, आता तर घाई न्हाई ना? मग जरा हळूच घ्या.”

मी गियर टाकला. लोह्यापासून नांदेडपर्यंत रस्त्यातला एकही खड्डा मी चुकवला नाही.