मांडीखालचे हात

इकडे परदेशात, तुआसच्या शिपयार्डात फायर ड्रिल चालू होतं. एका फिटरच्या हातून होस सुटला आणि पाण्याचा लोट सरळ माझ्या छातीवर आला. मी उडालो तो लोखंडी कठड्यावर जाऊन आपटलो. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज माझा मीच ऐकला. शर्टाची बटणं तुटली, नाकातोंडात पाणी आणि रक्त. तरी उठलो, आणि उठल्या उठल्या चांगल्या हाताने त्या फिटरच्या थोबाडीत दिली. बिचारा माफी मागत होता. माझं डोकंच तसलं, आधी हात चालतो.

मग हात झोळीत अडकवून बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून होतो. लेक शाळेच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉपवर जुनी फिल्म बघत होती. अमेरिकेतली काळी मुलं, तिच्याच वयाची, समान हक्क मागायला रस्त्यावर उतरलेली. पोलिसांनी त्यांच्यावर होस सोडले, कुत्री सोडली. एका मुलाची पँट कुत्र्याने मांडीपासून फाडली. एक मुलगी पाण्याच्या माऱ्याने भिंतीवर आदळली आणि फरफटत गेली. फिल्म मुकी होती, मला मात्र तो आवाज पुरता ठाऊक होता. माझं हाड ठणकायला लागलं. ती मुलगी उठली, शेजारणीचा हात धरला आणि पुन्हा पाण्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हे फाइट बॅक का नाही करत?" लेक भडकली. "मी असते ना, मारलंच असतं, लाह!"

ते 'लाह' इथल्या पोरांचं, पण माझीच पोर. हाच प्रश्न तिच्या वयाचा असताना मी माझ्या आजोबांना विचारला होता.

आजोबा पलटणीतून परतलेले शिपाई. महाडच्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत, आमच्या माणसांना मनाई. ते पाणी प्यायला जे गेले त्यांत आजोबा होते. ओंजळभर पाणी प्याले, आणि मग जेवायला बसले तोच गावातली माणसं बांबू घेऊन मांडवात घुसली. डोकी फुटली, भातात रक्त सांडलं, जेवत्या माणसांना ओढून ओढून झोडपलं. आजोबांच्या उजव्या हाताची बोटं ठेचली, ती जन्मभर वाकडी राहिली. नंतर पलटणीतले सगळे एका बंगल्यात जमले. अंगात नुसती आग, आणि माणूस कसा मारायचा हे सरकारनेच शिकवलेलं. पण पुढाऱ्यांनी बजावलं, हात उचलायचा नाही.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं होतं.

"हात मांडीखाली घेऊन बसलो."

तेव्हा मला या उत्तराची चीड आली होती. लढाईवर गेलेला माणूस, आणि बसून राहिला! ती मुलगी भिंतीपासून उठताना पाहिली तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी तर ज्याचा होस चुकून सुटला त्यालाही सोडलं नव्हतं. आजोबांची ती ठेचलेली बोटं आठवली आणि मला रडू आलं.

लेकीला सगळं सांगितलं. तिने फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. होस सुरू झाले तसा तिचा एक हात मूठ वळून बाहेर आला.

"बाबा," ती म्हणाली, "नाही जमत मला."