लाल फितीचं नवं

आधी चहाचे कप खाली ठेवा बघू. मागे मी ही गोष्ट सांगत होते तेव्हा आमच्या नणंदेला ठसका लागला आणि बोलणी मला बसली. हसायचं तर खुशाल हसा. फक्त शेवटी मला 'जाऊ दे गं' म्हणू नका. जाऊ द्यायला आता काही उरलेलंच नाही!

अहो, गाढवपणा कोण करत नाही? कुणी गॅसवर दूध ठेवून लग्नाला जातं, कुणी भलत्याच हॉलमध्ये जाऊन जेवून येतं. मी काय केलं? एका शिकल्यासवरल्या पोरीचं अख्खं संशोधन देवाला वाहिलं, उरलेल्याची खीर केली आणि सासऱ्यांना वाढली. वर वेलची घालून!

तर ऐका. आमचं गाव भिवंडीजवळ, पूर्णा गावाच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. मी लग्न होऊन आले तेव्हा दारातून भाताची खाचरं दिसायची. आता गोडाऊन, त्याला चिकटून गोडाऊन, आणि मधल्या रस्त्यावर कंटेनर आडवे. मी तरी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये पॅकिंगची सुपरवायझर आहे मी. आमच्याकडे उरलेला होता एकच तुकडा, खाडीला लागून, आणि तोही खारवट. उधाणाचं पाणी बांधावरून आत आलं की भात करपून जायचं.

माझे सासरे, म्हणजे बाबा, तो तुकडा सोडायला तयार नव्हते. धाकटे दीर सुनील भावोजी भिवंडीत फ्लॅट घेऊन राहतात, ते महिन्यातून एकदा गोडाऊनवाल्या पार्टीचा निरोप घेऊन यायचे. माणूस वाईट नाही हो. हे मी आज म्हणतेय, तेव्हा म्हणत नव्हते. तेव्हा ते आले की मी चहात साखर घालायला विसरायचे. मुद्दाम!

अशात रश्मी मॅडम आली. भातावर संशोधन करणारी, सडपातळ, डोक्याला रुमाल बांधून चिखलात उतरणारी पोरगी. तिला आमची खारी जमीनच हवी होती, ऐकून बाबा खुर्चीत सरळ बसले. आमच्याकडे जुनं तांबडं भात असतं, ते खाऱ्या पाण्यात तगतं, पण दाणा बेताचा. आणि नवीन सुधारित जात दाणा भरपूर देते, पण मीठ लागलं की मान टाकते. मॅडमने दोघांचा संकर केला होता आणि त्यांची पोरं आमच्या खारीत लावली. एकेक रोप वेगळं, एकासारखं दुसरं नाही.

"ताई, यातली बहुतेक मरणारच," ती मला म्हणाली. "मरतात की नाही तेच बघायला लावलीत. जी वाचतील ती माझी."

बाबांनी त्याच दिवशी भावोजींना सांगून टाकलं, "सुनील, या खारीत दाना भरला तर जमीन द्यायची न्हाय. न्हाय भरला, तर दिवालीनंतर मी सही करतो. मंग तू हाय नि तुजी पार्टी हाय."

भावोजी नुसते हसले. त्यांना वाटलं, जिंकलोच.

आणि भात मेलं. एकामागून एक वाफा पिवळा पडला, मग तपकिरी. बाबा रोज सकाळी बांधावर जाऊन यायचे आणि अर्ध्या न्याहारीवरून उठायचे. घरात आधीच सुतक सरल्यासारखं वाटत नव्हतं, कारण शिमग्याच्या सुमारास सासूबाई गेल्या होत्या. पण भाद्रपद सरता सरता एका कोपऱ्यात चार-पाच ठोंब तेवढे हिरवेगार उभे राहिले. लोंब्या अशा भरलेल्या की वजनाने वाकून चिखलाला टेकायला आलेल्या. बाबा त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर माझं डोकं कुठे फिरलं ते तुम्हाला कळायचं नाही. दसऱ्याला आम्ही नवं करतो. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि झेंडू यांची जुडी दाराला बांधायची, देवापुढे ठेवायची, आपल्या माणसांना द्यायची. लोंब्या कुठल्या घ्यायच्या ते सासूबाई ठरवत. दसऱ्याआधी शेतात जाऊन सगळ्यात भरलेल्या ठोंबांना लाल फीत बांधून यायच्या. फीत बांधली की तो ठोंब देवाचा, बाबांनीही हात लावायचा नाही. काढायचा तोही मुळासकट उपटून. नव्याला विळ्याचं लोखंड लागता कामा नये, असा त्यांचा दंडक होता.

आणि मॅडमने काय केलं? वाचलेले ठोंब लांबून ओळखू यावेत म्हणून त्यांना लाल फिती बांधल्या! तिला बिचारीला काय माहीत आमच्या घरची रीत? दसऱ्याचा आदला दिवस, मी ड्युटीवर होते, बाबा डोळे दाखवायला भिवंडीत गेले होते. फिती बांधून ती निघून गेली आणि संध्याकाळी मला मेसेज टाकला.

दसऱ्याला फोनचं काय होतं ते तुम्ही जाणता. सोन्यासारख्या माणसांना सोन्यासारख्या शुभेच्छा, वर आपट्याचं पान, खाली रावण! मॅडमचा मेसेजही 'ताई, दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा' असाच सुरू होत होता. मी तेवढंच वाचलं आणि बाकीच्यांना पाठवले तसे तिलाही जोडलेले हात पाठवून दिले. खाली काय होतं ते नंतर कळलं. 'लाल फितीच्या ठोंबांना कुणालाही हात लावू देऊ नका. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बी काढायला मी स्वतः येते.' आणि त्यावर माझे जोडलेले हात. ती निर्धास्त झोपली असणार!

त्याच संध्याकाळी ड्युटीवरून येताना मी बांधाकडे वळले, तर बाबा भिवंडीहून येऊन त्या लाल फितींपुढे उभे. टोपी हातात. डोळे पुसत होते. म्हटलं, बघा, बायको गेली तरी म्हाताऱ्याने तिची रीत मोडली नाही. पाऊल न वाजवता मी मागे फिरले.

रात्री वाढताना राहवलं नाही. "बाबा, बरं केलंत हो."

"मी काय केला? तूच केलास."

"मी कसलं! तुम्हीच."

"ऱ्हाउं दे गो. तिचं नाव राखलंस, बास झाला."

म्हणजे आलं का लक्षात? त्यांना वाटत होतं फिती मी बांधल्या! आणि मला वाटलं, किती मोठं मन, श्रेयसुद्धा मलाच देतायत! 'फीत कुणी बांधली' एवढं दोघांपैकी एकाने विचारलं असतं तर संपलं होतं. पण आमच्या घरात रडू आलं की विषय बदलतात. बाबांनी लोणचं मागितलं.

दसऱ्याच्या सकाळी मी आंघोळ करून गेले आणि सगळे ठोंब उपटले. मुळासकट! प्रत्येकाला आकडे लिहिलेली पिवळी चकती होती. देवाला प्लास्टिक कसं चालेल? चकत्या तोडून कचऱ्यात, मुळं खाडीला वाहिली. मॅडमची आठवण आली नाही असं नाही. पण मी आपलं धरून चालले होते की संशोधन म्हणजे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचे. ते झालंच असेल तिचं. बी लागतं, हे शेतकऱ्याच्या घरच्या सुनेच्या टाळक्यात आलं नाही! शाबास की नाही?

मग जुड्या बांधल्या. एक दाराला. एक आमच्या रफिकभाईंना, ते मला रोज रिक्षाने ड्युटीवर नेतात-आणतात, घरच्यासारखे. एक माझ्या गोडाऊनच्या गेटला. राहिले भावोजी. आता त्यांना का द्यायची देवाची लोंबी? जमीन विकायला निघालेला माणूस! शेजारच्या चुलत सासऱ्यांच्या गोड्या खाचरातल्या चार साध्या लोंब्या ओढल्या, त्यांची जुडी केली आणि तोंड भरून म्हटलं, "भावोजी, तुमच्यासाठी खास काढून ठेवलं होतं." लाल फितीच्या उरलेल्या लोंब्या देवापुढे ठेवल्या, मग त्याच खलबत्त्यात कांडल्या आणि खीर केली.

बाबांनी खीर चाटूनपुसून खाल्ली. "तिच्यासारखीच झाली गो," म्हणाले. मी पदराने डोळे पुसले. असा सुंदर दसरा झाला आमचा!

दुसऱ्या दिवशी मॅडम आली, हातात कागदी पाकिटं आणि आमच्यासाठी पेढे. थेट खारीत गेली. तिथून तिची हाक आली नाही, म्हणून मी बघायला गेले. बांधावर बसली होती.

"ताई, ठोंब कुठे गेले?"

"अगं, नवं केलं ना! बाबांनी फिती बांधल्या होत्या."

"फिती मी बांधल्या होत्या."

मागे बाबा उभे होते. ते माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. "म्हंजी तू न्हाय बांधल्यास?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, खाडीने आत्ता वर यावं आणि मला घेऊन जावं.

पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं हो. ती नुसती म्हणाली, "थोडे दाणे तरी मिळतील का कुठे?"

निघालो. दाराची जुडी बघितली, तर चिमण्यांनी एक दाणा ठेवला नव्हता. एरवी मीच सगळ्यांना ऐकवते, चिमण्या राहिल्या नाहीत गावात! कुठून आल्या त्या दिवशी?

रफिकभाईंना फोन केला, रिक्षा घेऊन धावत आले. आरशाला जुडी होती, नुसत्या काड्या. "भाभी, कसम से, बहुत संभाल के बांधा था. लेकिन ये खड्डे! सब दाना झड गया. झेंडू बचा है, चलेगा?" मॅडमने सीटखालची धूळसुद्धा चाचपली. रफिकभाई हिरमुसले, भाडं घेईनात.

गोडाऊनच्या गेटवर जुडीच नव्हती. वॉचमन म्हणाला, "मैडम, सुबह ही कचरे की गाडी में डाल दिया. अनाज का दाना अंदर नहीं चलता, चूहा आता है."

"कुणी सांगितलं तुला?" मी उसळले.

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "नोटिस तो आपने ही लगाया है."

होय, मीच लावली होती. खाली माझी सही.

"आणि बाकीच्या?" मॅडमने विचारलं.

बाबांनीच सांगितलं असतं, पण ते घरीच राहिले होते. "खीर," मी म्हटलं. तिने मान हलवली.

तेवढ्यात मॅडमला आठवलं, "तुमच्या दिरांना दिली असेल ना?" मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. तिला वाटलं मी विसरले. तीच मला ओढून भावोजींच्या फ्लॅटवर घेऊन गेली. भावोजींनी देव्हारा उघडला. चांदीच्या ताटलीत, खाली नवीन रुमाल, त्यावर जुडी. एक दाणा इकडचा तिकडे नाही!

"वहिनी," भावोजी म्हणाले, "आई गेल्यावर वाटलं होतं, आता मला नवं कोण देणार? तुम्ही खास काढून ठेवलंत. मी हिला सांगितलंय, कुणी हात लावायचा नाही."

मॅडमच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. तिने पाकीट काढलं, लोंबी हातात घेतली, दाणा नखाने सोलला. मग लोंबी होती तशी रुमालावर ठेवली आणि हात जोडले.

"ही आपली नाही, ताई," लिफ्टमध्ये म्हणाली.

आपली! एवढं होऊनही आपली म्हणाली ती. मी लिफ्टमध्ये हमसून हमसून रडले. लिफ्टमनने कुणी गेलं का म्हणून विचारलं.

दिवाळीनंतर भावोजी कागद घेऊन आलेच नाहीत. खीर, चिमण्या सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं, फक्त जुडीचं मी आजवर सांगितलेलं नाही. फोनवर म्हणाले, "बाबा, दाणा भरला होता. तुम्ही जिंकलात. पार्टीला नाही कळवतो." पण बाबांनीच त्यांना बोलावून घेतलं. "बी न्हाय, तर शेत कशाला?" म्हणाले, आणि सही केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रागाने नाही हो, मला लाज वाटू नये म्हणून.

आता खारीत भराव पडलाय, वर पत्रा चढलाय. माझ्याच कंपनीने घेतलंय ते गोडाऊन, आणि तिथे सुपरवायझर कोण? बरोबर! या दसऱ्याला मॅनेजर म्हणाला, "मॅडम, नव्या शटरला तोरण तुम्हीच बांधा, तुम्हाला रीत माहीत आहे." अंबाडी गावच्या बाजारातून विकतच्या लोंब्या आणून बांधलं. बाबांनी खीर नको म्हटलं, गोड चालत नाही म्हणाले.

संध्याकाळी फोन वाजला. रश्मी मॅडमचा मेसेज! या वेळी मी खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला.

'ताई, दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा. बाबांना नमस्कार. याच्या खाली काही लिहिलेलं नाही, शोधू नका.'

तरी मी बोटाने खाली सरकवून बघितलंच. खरंच काही नव्हतं. उत्तर लिहायला बसले, चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. मग काय पाठवलं विचारता?

तेच. जोडलेले हात.